खाडीची वाट

मुंबईपासून कल्याणापर्यंतच्या ठिकाणांच्या नांवांची यादी करून ती एखाद्या परक्या गृहस्थाच्या हातीं दिली, तर हा सारा मुलूख नावाड्यांचा असला पाहिजे अशी त्याची सहज समजूत होईल. बोरीबंदर, चिंचबंदर, मस्जिदबंदर, घोडबंदर, नागलाबंदर, रेतीबंदर! जिकडे पाहावें तिकडे बंदर. मग ती यादी घेऊन हा गृहस्थ हिंडावयास निघाला, तर त्याची काय गत होईल? घोडबंदरास त्याला ना घोडा दिसेल ना गलबत. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास खाडी, आणि मधल्या रस्त्यावर एकीमागें एक तटून राहिलेल्या मालमोटारी, एवढेंच दृश्य त्याच्या वांट्यास येईल. त्या मालमोटारींना चार पावलें सरकावयास अर्धा तास लागतो. शेजारचें रुंद पाणी मात्र रिकामें पडलेलें असतें. बोरीबंदराची कथा याहूनही मौजेची. १६ एप्रिल १८५३ रोजीं हिंदुस्थानांतली पहिली उतारूंची आगगाडी ठाण्याकडे सुटली, ती एका बंदराचें नांव धारण करणाऱ्या स्थानकावरून. सून घरांत आली ती सासूच्याच दारानें. पुढें सासूची काय अवस्था झाली हें सर्वांस ठाऊक आहे.

मी मुंबईच्या एका महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकवितों आणि वसईजवळच्या गिरीज गांवीं राहतों. दळणवळणाच्या साधनांचें जें प्रकरण आमच्या अभ्यासक्रमांत आहे, त्यांत रस्ते, रेल्वे आणि विमानें यांचा यथास्थित सत्कार होतो. जलमार्गांची बोळवण मात्र दीड पानांत होते, आणि त्या दीड पानांतलीं उदाहरणेंही ऱ्हाइन नदीचीं व अमेरिकेंतल्या ईरी कालव्याचीं असतात. १८२५ सालीं खुल्या झालेल्या त्या कालव्यानें न्यूयॉर्क शहराचें दैव कसें उघडलें, हें आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतें. परंतु "तुमच्यापैकीं निम्मे लोक ज्या पुलावरून रोज येथें येतां, त्याच्या खालून पूर्वीं काय जात असे?" असें विचारलें, कीं वर्ग चिडीचूप होतो. विद्यार्थ्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. ज्याचें नांव पुस्तकांत नाहीं आणि ज्यावर डोळ्यांनाही कांहीं हालतांना दिसत नाहीं, तें त्यांनीं ओळखावें तरी कसें?

गिरीज हें कांहीं बंदर नव्हे. केळीनारळीच्या वाड्या, त्यांना पाणी पुरविणारीं बावखलें, आणि गांवाच्या उशाशीं हिराडोंगरी, एवढेंच आमचें वैभव. पण त्या डोंगरीवर दत्ताच्या देवळापाशीं उभें राहिलें, म्हणजे साऱ्या प्रांताचा नकाशाच पायांपाशीं उलगडतो. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस, उल्हास नदी जिच्या रूपानें समुद्रास मिळते ती वसईची खाडी, पूर्वेस तुंगारेश्वराची रांग, आणि ती रांग व आपण यांच्या मध्यें मिठागरांचा, आणि अलीकडे इमारतींचा, एक सखल पट्टा. हा पट्टा म्हणजे एके काळचें पाणी होय. वसई हें तेव्हां बेट होतें. एक अरुंद खाडी त्याला मुख्य भूमीपासून वेगळें करीत असे, आणि तिच्याच आश्रयानें सोपारा वसलें होतें. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्याचा स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही त्यांस तेथेंच मिळाला. नवव्या शासनाचा तुकडा निघाला तो १९५६ सालीं, आमच्या शेजारच्या भुईगांवांत. सम्राटानें आपली आज्ञा दगडावर कोरवावयाची ती चार देशींचीं माणसें जेथें उतरतात तेथेंच. त्या भुईगांवाहून आज वसई स्टेशनाकडे जावयाचें झाल्यास रिक्षाची वाट पाहात बसावें लागतें, हा काळाचा महिमा!

सोपाऱ्याहून अधिक विचार करण्याजोगें बंदर म्हणजे कल्याण. पहिल्या शतकांतल्या एका अनाम ग्रीक दर्यावर्द्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक ग्रंथांत दोहोंचाही उल्लेख आहे; कल्याणास उतरूं पाहणारीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जातात, अशी तक्रारही तेथें नमूद आहे. आतां समुद्रापासून इतक्या आंत असलेल्या गांवाच्या बंदरावरून राजेरजवाडे भांडतात, याचें कारण काय? कारण सरळ आहे. बैलाच्या पाठीवरून ओझें नेणें हा जगांतला महागांतला महाग प्रकार, आणि पाण्यावरून नेणें हा स्वस्तांतला स्वस्त. तेव्हां पाणी जितकें आंत शिरेल तितका बैलांचा प्रवास वांचला. कल्याणापर्यंत पाणी, पुढें नाणेघाट चढून जुन्नर; हा त्या व्यापाराचा सांधा होता. कोंकणांतल्या प्रत्येक मोठ्या नदीनें अशी एकेक जोडी निर्माण केली आहे. मुखाशीं बाणकोट, तर वर महाड; मुखाशीं दाभोळ, तर वर चिपळूण; जयगड आणि संगमेश्वर; जैतापूर आणि राजापूर. मुखाशीं किल्ला, भरती जेथें थांबते तेथें बाजारपेठ, आणि बाजारपेठेच्या डोक्यावर घाट. कुंभार्ली, वरंध, अणस्कुरा या घाटांचा अर्थ पायथ्याच्या खाडीवांचून लागतच नाहीं. शिवाजीमहाराजांनीं १६५७ सालीं कल्याण-भिवंडी घेतली आणि त्याच खाडींत जहाजें बांधावयास घातलीं, यांतही हेंच ज्ञान होतें. पोर्तुगीजांस वसई १५३४ सालीं मिळाली व १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं ती घेतली, हा इतिहास सर्वांच्या जिव्हाग्रीं असतो. परंतु त्या दोनशें वर्षांत वसईचा दगड जहाजांत भरून गोव्याच्या चर्चांसाठीं नेला जात असे, हें फारसें कोणी सांगत नाहीं. लढाई लक्षांत राहते, भाडें लक्षांत राहत नाहीं.

आमचे आजोबा तिथीवरून भरती सांगत. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजतां पाणी पूर्ण भरतें, असा त्यांचा आडाखा होता. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षांत पुन्हां प्रतिपदेपासून मोजावयाचें. घड्याळाशीं ताडून पाहिलें तर थोडा फरक निघे, पण पडाव चुकण्याइतका नव्हे. घरांत कोणास दर्यावर्दीपणाचा गंध नव्हता. वाडींतल्या केळ्यांचे घड आणि पानांच्या करंड्या रवाना करणें एवढाच पाण्याशीं संबंध. तरीही हें गणित घरांत होतें, कारण आजोबांच्या वडिलांच्या काळीं माल गाडींतून खाडीवर जाई आणि पडाव सुटे तो भरती-ओहोटीच्या हिशेबानें. भरतीच्या तोंडाशीं निघालें कीं पाणीच नावेला कल्याणाकडे ओढीत नेई. ओहोटी लागली कीं तेंच पाणी परत आणून सोडी. उधाणाला मोठे पडाव काढावे, भांगाला पाणी कमी चढतें म्हणून लहान काढावे. दिवसांतून दोनदां फुकट जुंपलें जाणारें असें इंजिन दुसऱ्या कोणत्या वाहतुकीस मिळालें आहे? आजच्या यांत्रिक नौकांना तें फुकट मिळत नसलें तरी पाण्याचा मूळ स्वभाव पालटलेला नाहीं. एक लिटर इंधनांत एक टन माल रस्त्यानें २४ किलोमीटर, रेल्वेनें ८५ किलोमीटर आणि जलमार्गानें १०५ किलोमीटर जातो, असा हिशेब आपलें सरकारच मांडीत असतें.

मग हें सारें मोडलें तें कां? येथें बहुतेक लोक रेल्वेकडे बोट दाखवितात. १८५४ सालीं आगगाडी कल्याणास पोंचली. १८६४ सालीं बी. बी. सी. आय. कंपनीची गाडी वसईची खाडी ओलांडून मुंबईस जाऊं लागली. त्या दिवसापासून आमचीं पानें आणि केळीं पाण्यावरून उठून रुळांवर गेलीं, आणि माझ्या मतें तें योग्यच झालें. पानाला तिथीची वाट पाहतां येत नाहीं, तें सुकतें. दादरच्या बाजारांत पहांटे भाजी पोंचवावयाची तर ती गाडीनेंच गेली पाहिजे. नाशवंत माल गेला तरी कौलें, लांकूड, गवत, मीठ हा जड आणि धिम्मा माल आजोबांच्या लहानपणापर्यंत नावेनेंच येत असे. त्याला घाई नव्हती आणि त्याची किंमतही अशी नव्हती, कीं महाग भाडें सोसावें.

या वादांत सर आर्थर कॉटन यांचें स्मरण केल्यावांचून राहवत नाहीं. गोदावरीवर धवळेश्वरम् येथें ज्यांनीं बंधारा बांधला, तेच हे स्थापत्यविशारद. हिंदुस्थानास आगगाडीपेक्षां नौकानयनाचे कालवे अधिक हिताचे आहेत, हा आग्रह त्यांनीं जन्मभर धरला आणि १८७८ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढेंही तो मांडला. लोकांनीं त्यांना विक्षिप्त ठरविलें. सर्व हिंदुस्थानच्या नद्या एकमेकींस जोडण्याची त्यांची कल्पना महाराष्ट्रापुरती तरी मला पटत नाहीं; बोरघाट चढणारी नाव अद्याप कोणी बांधलेली नाहीं. पण त्यांच्या म्हणण्यांतला एक मुद्दा अर्थशास्त्राच्या माणसास टाळतां येत नाहीं. रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर शेंकडा पांच टक्के व्याजाची हमी सरकारनें घेतली होती. तोटा झाला तर तो रयतेच्या करांतून भरून निघे. खाडींतल्या तांडेलाला कोणी अर्ध्या टक्क्याचीही हमी दिली नव्हती. दोघांची शर्यत लावतांना एकाच्या पायांत बेडी होती असें नव्हे. पण दुसऱ्याच्या खांद्याखालीं सरकारचा हात होता, हें नमूद केलें पाहिजे.

तथापि रेल्वेनें खाडीचें खरें नुकसान केलें तें भाड्याच्या चढाओढींत नव्हे. पाण्याशीं माणसाचे दोन प्रकारचे व्यवहार असतात. एक, त्याच्यावरून जाणें. दुसरा, तें ओलांडून जाणें. पहिल्यांत पाणी ही वाट असते, दुसऱ्यांत तोच अडथळा असतो. पूल झाला त्या दिवशीं आमच्या खाडीचें नांव वाटांच्या यादींतून निघालें आणि अडथळ्यांच्या यादींत चढलें. सकाळच्या गाडींत हें प्रत्यक्ष पाहावयास मिळतें. नायगांव मागें पडून खाडी लागली, कीं डबा क्षणभर जागा होतो. कोणी हात जोडतो. कोणी पिशवींत बांधून आणलेलें निर्माल्य दारांतून भिरकावतो. खालीं, दोन पुलांच्या मध्यें, पाणजू बेट आहे. तेथले लोक आजही होडीनें ये-जा करतात, आणि वरून पडणारें हें पुण्य त्यांना चुकवावें लागतें. दोन-तीन मिनिटांत भाईंदर येतें व पुन्हां सर्वांचे डोळे मिटतात. नमस्कार करण्यास आणि कचरा टाकण्यास खाडी आम्हांस उरली आहे. तिच्यावरून कोठें जातां येतें, ही कल्पना मात्र नाहींशी झाली.

२०१६ सालीं राष्ट्रीय जलमार्गांचा कायदा झाला, तेव्हां वर्तमानपत्र हातीं घेऊन मीं त्यांतील यादी मोठ्या उत्सुकतेनें वाचली. देशांतले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले होते, आणि त्यांत ५३ वा क्रमांक आमचा: कल्याण-ठाणें-मुंबई जलमार्ग, वसईची खाडी आणि उल्हास नदी, लांबी १४५ किलोमीटर. पुढें त्यावरील धक्क्यांचीही योजना निघाली. वसई, घोडबंदर, नागलाबंदर, कोलशेत, काल्हेर, डोंबिवली, कल्याण; म्हणजे आजोबांच्या तोंडचींच नांवें सरकारी कागदावर टंकलिखित होऊन परत आलीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें वसईच्या किल्ल्याजवळून भाईंदरला मोटारींसह जाणारी नौका सुरूं झाली. रस्त्यानें सुमारें अडतीस किलोमीटरांचा वळसा, तो पाण्यावरून साडेतीनांवर आला. एप्रिल २०२५ मध्यें वैतरणेच्या मुखाशीं विरारहून जलसारकडे जाणारी तशीच दुसरी नौका निघाली. या नौकांमुळें लोकांची मोठी सोय झाली. आजारी माणसाला पलीकडे न्यावयाचें असतां या वळशाची किंमत काय असते, हें ज्याच्यावर प्रसंग आला त्यानेंच सांगावें. पण लक्षांत घ्यावयाचें तें हें, कीं या दोन्ही नौका खाडी ओलांडतात. खाडीवरून कोठें जात नाहींत. तो तरता पूलच आहे. धक्क्यांच्या योजनेंतलीं बाकीचीं नांवें ज्या वाटेवर आहेत, त्या वाटेचा आरंभ अद्याप व्हावयाचा आहे.

त्या भाईंदरच्या नौकेवर एकदां एका वृद्ध खलाशाशीं बोलणें निघालें. पूर्वीं तो रेतीच्या होडीवर होता. डुबी मारून तळाची रेती काढणाऱ्यांपैकीं. रेतीच्या उपशानें कांठ ढासळले व पुलांच्या पायांसही धोका पोंचला, तो निराळा अध्याय आहे. मीं त्याला विचारलें, "काका, ही बोट इथून कल्याणला नेतां येईल का हो?"

"भरती बघून काढली तर जाईल कीं," तो म्हणाला. "पण सर, पाणी कुठं किती आहे हें आतां ठाऊक कुणाला? आम्ही रोज बुडी मारायचो, म्हणून आम्हांला तळ ठाऊक. दोन पावसाळे गेले कीं तळ हालतो. मग नव्यानं बघावं लागतं."

त्याच्या या बोलण्यांत जलमार्गांच्या शास्त्राचें अर्धें सार आहे असें मला वाटतें. रस्ता एकदां बांधला कीं कांहीं वर्षें तो आपल्या जागीं राहतो. जलमार्ग बांधावयाचा नसतोच. तो राखावयाचा असतो. नदी दर पावसाळ्यांत डोंगराची माती खालीं आणते, भरती समुद्राचा गाळ वर ढकलते, आणि दोन्ही जेथें भेटतात तेथें तळ उथळ होत जातो. सोपारा याच रीतीनें गेलें. ज्या खाडींतून माल जातो तिची खोली मोजणारा, खुणा उभ्या करणारा, गाळ साचला कीं ओरडणारा कोणीतरी असतो, कारण त्याच्या पोटाचा प्रश्न असतो. अंबा नदीचें उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. डोलवीच्या पोलादाच्या कारखान्याला कोळसा आणि खनिज हवें, म्हणून धरमतरच्या खाडींत बार्जांची रांग लागते आणि तेथें पाणी खोल राखलें जातें. गोव्यांत मांडवीचीही तीच कथा. २०१२ सालीं खाणी थांबल्या आणि बार्जा कांठाला लागून गंजत राहिल्या. कायद्यानें नदीला क्रमांक देतां येतो. खोली देणारा गिऱ्हाईक असतो.

आणि जेथें गिऱ्हाईक नाहीं तेथें काय होतें? खाडी नुसती उथळ होऊन थांबत नाहीं. तिला फुटलेले लहान लहान फांटे, ज्यांतून पूर्वीं होड्या वाडीपर्यंत येत, ते निरुपयोगी ठरतात; निरुपयोगी म्हणून त्यांत भराव पडतो; भरावावर इमारती उठतात. पावसाचें पाणी ओहोटीबरोबर बाहेर पडावयाचें तें ह्याच फांट्यांनीं. जुलै २०१८ मध्यें वसई-विरार पाण्यांत बुडालें, रुळांवर पाणी चढून गाड्या उभ्या राहिल्या, मिठागरांतल्या वस्तींत अडकलेल्या माणसांना सोडवून आणावें लागलें. पाऊस विलक्षण होता हें खरेंच. पण ज्या पाण्याच्या वाटा आम्हीं वाटा म्हणून राखल्या नाहींत, त्याच वाटांनीं तें पाणी जाऊं पाहात होतें, हेंही तितकेंच खरें. त्या आठवड्यांत आमच्या तालुक्यांत होड्या निघाल्या त्या खाडींत नव्हे, रस्त्यांवर.

या खाडीचा पुनर्जन्म उतारूंच्या बोटींनीं होईल असें मला वाटत नाहीं. चाकरमान्याला मिनिटांचा हिशेब असतो. धक्क्यावर उतरून पुन्हां रिक्षाची रांग लावण्यापेक्षां तो गाडींत लोंबकळणें पत्करील, आणि पावसाळ्याचे महिने तर बोटीचे नव्हतच. पुनर्जन्म होईल तर तो जड आणि धिम्म्या मालानें, म्हणजे शेवटपर्यंत जो पाण्याला चिकटून राहिला त्याच मालानें. भिवंडीजवळ काल्हेर, कशेळी या भागांत गोदामांचें एक नगरच वसलें आहे. साऱ्या मुंबईचा माल तेथें उतरतो आणि तेथून चढतो. न्हावाशेव्याच्या बंदरांतून पेट्या येतात त्या रस्त्यानें. ठाण्याभोंवतींच्या रस्त्यांची जी कोंडी आहे तींत त्यांचा वांटा मोठा. आणि काल्हेर तर खाडीच्या अगदीं कांठावर! बंदरापासून समुद्रानें मुंबईस वळसा घालून वसईच्या मुखांतून काल्हेरपर्यंत पेट्यांची बार्ज आणावी; दोनदां चढउतार करण्याचा खर्च वजा जातां कांहीं उरतें कीं नाहीं, हा हिशेब कोणीतरी प्रामाणिकपणें केला पाहिजे. पुलांखालची उंची, ओहोटीचें पाणी, धक्क्यावरच्या यारींचा खर्च, हें सर्व त्यांत आलें पाहिजे. उत्तर नाहीं असें आलें तरी चालेल. पण हिशेबच न करतां दर वर्षीं नवा पदर रस्त्याला जोडीत राहणें, हें घरांतली विहीर न पाहतां टँकर मागविण्यासारखें आहे.

माझा एक जुना विद्यार्थी तेथल्या एका गोदामांत हिशेब पाहतो. गेल्या दिवाळींत तो भेटावयास आला असतां मीं त्याजपाशीं हा विषय काढला आणि गोदामाची रचना कशी आहे, असें विचारलें. त्यानें टेबलावर बोटानें आंखून दाखविलें: पुढच्या अंगाला रस्ता, मालमोटारींसाठीं आठ दारें, मग आंत रांगा.

"आणि मागच्या बाजूला?" मीं विचारलें.

"मागं दार नाहीं, सर. सलग भिंतच आहे," तो म्हणाला. "मागं काय, नुसती खाडी आहे."